कमिशन (अमेरिकन माफिया)

कमिशन : अमेरिकेतील माफिया घराण्यांच्या प्रमुखांचे सर्वोच्च मंडळ. घराण्याघराण्यांतील तंटे सोडवणे, नव्या प्रमुखाला मान्यता देणे, नवी भरती कधी करायची आणि कोणाच्या जिवाला हात लावायचा नाही हे ठरवणे, ही त्याची कामे. १९३१ मध्ये ते स्थापन झाले. त्यामागचा मेंदू म्हणून चार्ल्स ‘लकी’ लुचियानो (२४ नोव्हेंबर १८९७ – २६ जानेवारी १९६२) याचे नाव घेतले जाते. तेव्हा त्याने वयाची चौतिशीही गाठली नव्हती. सगळ्या टोळ्यांवर एकच धनी असण्याची जुनी रीत त्याने मोडली आणि गादी हाताशी असताना तिच्यावर बसण्याचे टाळले. अमेरिकन माफिया पुढे पन्नासहून अधिक वर्षे टिकली ती मुख्यतः या निर्णयामुळे.

जुनी माफिया

सिसिली बेटावरची माफिया एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पालेर्मोभोवतीच्या लिंबा-संत्र्यांच्या बागांत आणि शहरात राहणाऱ्या जमीनदारांच्या शेतांवर पोसली गेली. बाग राखायची, पाण्याच्या पाळ्या ताब्यात ठेवायच्या आणि राखणीचे पैसे न देणाऱ्याची झाडे रातोरात तोडायची, असा तो धंदा. पोलिसांपुढे तोंड उघडायचे नाही हा पहिला दंडक. १८८० ते १९२० या काळात सुमारे ४० लाख इटालियन अमेरिकेत उतरले. त्यांतले बहुतेक दक्षिण इटलीतले, कष्टकरी आणि गरीब होते. त्यांच्याच बोटींतून ही रीतही आली. न्यूयॉर्कमध्ये तिने आधी आपल्याच माणसांना लुबाडले: भाजीवाला, न्हावी, कोपऱ्यावरचा पाववाला. अशांच्या घरी काळ्या पंजाचे चित्र काढलेली धमकीची पत्रे येत. या टोळ्यांच्या मागावर असलेले न्यूयॉर्क पोलिसांतले इटालियन अधिकारी जोसेफ पेट्रोसिनो चौकशीसाठी पालेर्मोला गेले, तेव्हा १२ मार्च १९०९ रोजी तिथल्या चौकात त्यांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्या पिढीचे टोळीप्रमुख गावकीच्या हिशोबाने चालत. कोण कुठल्या गावचा, कोणाच्या काकाने कोणाच्या मामाचा कधी अपमान केला होता, यावर दोस्ती आणि दुष्मनी ठरे. सिसिलियनाने सिसिलियनाशीच धंदा करायचा. ज्यू, आयरिश यांच्याशी भागीदारी म्हणजे बाटणे. सगळ्यांच्या वर ‘धन्यांचा धनी’ असे आणि बाकीचे त्याला नजराणे पाठवत. तरुण पोरे या म्हाताऱ्यांना पाठीमागे ‘मिशाळ पीट’ म्हणून हिणवत.

लुचियानोची घडण

त्याचे मूळ नाव साल्वातोरे लुकानिया. पालेर्मोजवळच्या लेर्कारा फ्रिद्दी या गंधकाच्या खाणींच्या गावात तो जन्मला. बाप खाणीत मजूर होता. १९०६ मध्ये कुटुंब न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात आले. तिथे एका चाळवजा इमारतीत इटालियन, तर शेजारच्या इमारतीत पूर्व युरोपातून आलेले ज्यू, असा शेजार होता. लुचियानोच्या पुढच्या सगळ्या चालीचे मूळ या शेजारात आहे. मायर लॅन्स्की हा हिशोबात तरबेज ज्यू मुलगा, त्याचा तापट साथीदार बेंजामिन सीगल आणि इटलीच्या मुख्य भूमीवरच्या कॅलाब्रिया प्रांताचा फ्रँक कॉस्टेलो हे त्याचे जन्माचे सोबती झाले. त्यांतला एकही सिसिलियन नव्हता. लुचियानोने चौदाव्या वर्षी शाळा सोडली, काही काळ टोप्या पोचवण्याचे काम केले आणि १९१६ मध्ये हेरॉइन विकताना पकडला जाऊन सहा महिने तुरुंगात काढले.

जानेवारी १९२० मध्ये अमेरिकाभर दारूबंदी लागू झाली आणि गल्लीतल्या पोरांच्या हाती अचानक मोठा पैसा आला. दारू बाहेरून आणायची तर जहाजे, ट्रक, गोदामे, पोलीस, न्यायाधीश आणि गुत्तेवाले अशी सगळी साखळी सांभाळावी लागे. ती एका गावच्या माणसांना पेलणारी नव्हती. दारूबंदीनेच टोळीला कंपनीसारखे वागायला शिकवले, असे म्हणायला हरकत नाही.

याच काळात आर्नल्ड रॉथस्टाइन या श्रीमंत घरातल्या जुगाऱ्याने लुचियानोला हाताशी धरले. १९१९ च्या बेसबॉल अजिंक्यपद सामन्यांतील निकालनिश्चितीशी रॉथस्टाइनचे नाव कायमचे जोडले गेले आहे. पैसा कसा गुंतवायचा आणि राजकारण्याशी कोणत्या स्वरात बोलायचे हे त्याने शिकवलेच, पण कपडे कसे घालायचे हेही शिकवले. भडक टाय आणि चकाकते जोडे गेले. गडद रंगाचे बेतून शिवलेले सूट, रेशमी शर्ट, काश्मिरी लोकरीचे ओव्हरकोट आले. हा केवळ शौक नव्हता. वकील, बँकवाले, नगरसेवक यांच्या मेजावर बसायचे तर त्यांच्यासारखे दिसायला हवे, हे लुचियानोला उमगले होते. पुढे तो वॉल्डॉर्फ टॉवर्स या न्यूयॉर्कच्या सर्वात प्रतिष्ठित निवासी हॉटेलात ‘चार्ल्स रॉस’ या नावाने राहू लागला. रॉथस्टाइनला नोव्हेंबर १९२८ मध्ये पार्क सेंट्रल हॉटेलात गोळी लागली आणि दोन दिवसांनी तो मेला.

दोन खून

१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या सिसिलियनांत उघड युद्ध पेटले. एका बाजूला जो मासेरिया, लुचियानोचा मालक. दुसऱ्या बाजूला कास्तेल्लाम्मारे देल गोल्फो या किनारी गावातून आलेला साल्वातोरे मारांझानो. त्याच गावावरून या लढाईला कास्तेल्लाम्मारेसे युद्ध म्हणतात. दोघेही जुन्या वळणाचे. मासेरिया खादाड आणि अडाणी, तर मारांझानो शिकलेला; ज्युलियस सीझर आणि रोमन फौजांवर तासन्‌तास बोलणारा. वर्षभर माणसे मरत राहिली आणि दारूचा धंदा बसला. लुचियानोच्या लेखी धंदा बसणे हाच खरा अपराध होता.

त्याने मारांझानोशी गुप्त बोलणी केली. १५ एप्रिल १९३१ रोजी कोनी आयलंडच्या एका खानावळीत मासेरिया मारला गेला. जेवण झाल्यावर पत्ते खेळताना लुचियानो हात धुवायला गेला आणि तेवढ्यात बंदूकवाले आत आले, ही कथा जगभर सांगितली जाते. लुचियानो मेजावर होता की नव्हता याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याचा हात होता याबद्दल फारसे नाहीत.

मारांझानोने जिंकताच न्यूयॉर्कच्या माणसांची पाच घराण्यांत रीतसर वाटणी केली, प्रत्येकात प्रमुख, उपप्रमुख, तुकडीचे नायक आणि शिपाई अशी उतरंड घालून दिली आणि स्वतःला सगळ्यांचा धनी घोषित केले. लुचियानोच्या नावावर खपवली जाणारी बरीचशी रचना अशी मारांझानोची आहे आणि ते श्रेय त्यालाच द्यायला हवे. त्याचे चुकले ते गादीच्या बाबतीत. ज्या गादीसाठी वर्षभर रक्त सांडले तीच त्याने पुन्हा मांडली, वर लुचियानोसह अनेकांना संपवण्याचा बेत केला. १० सप्टेंबर १९३१ रोजी पार्क अव्हेन्यूवरच्या त्याच्या नवव्या मजल्यावरील कार्यालयात सरकारी अधिकारी असल्याची बतावणी करून चार माणसे शिरली. कर खात्याची तपासणी येणार म्हणून मारांझानोने त्याच्या माणसांना शस्त्रे आणू नका असे सांगून ठेवले होते. बाहेरच्या खोलीतल्यांना भिंतीकडे तोंड करून उभे केले गेले आणि आत मारांझानोला भोसकून, मग गोळ्या घालून मारले. मारेकरी लॅन्स्की-सीगलच्या गोटातले ज्यू होते. मारांझानोचे अंगरक्षक त्यांना ओळखत नव्हते, म्हणूनच ते आत जाऊ शकले. मिश्र टोळीचा असा उपयोग म्हाताऱ्यांच्या कल्पनेपलीकडचा होता.

त्याच रात्री देशभर डझनावारी जुने प्रमुख कापले गेले, अशी कथा अनेक वर्षे पुस्तकांतून फिरत आली. संशोधकांनी त्या दिवसांतली वर्तमानपत्रे आणि मृत्युनोंदी चाळल्या तेव्हा जुळणारे खून मोजकेच सापडले. लुचियानोच्या चरित्रातल्या पुष्कळ गोष्टींची हीच गत आहे. १९७५ मध्ये त्याचे म्हणून निघालेले आत्मकथन तर अभ्यासक फारसे ग्राह्य धरत नाहीत.

रचना आणि कामकाज

रिवाजाप्रमाणे आता लुचियानो धनी व्हायचा. त्याने पाच घराणी तशीच ठेवली आणि शिखरावर एका माणसाऐवजी मंडळ आणले. न्यूयॉर्कचे पाच प्रमुख (लुचियानो, जोसेफ बोनानो, जोसेफ प्रोफाची, तोम्मासो गालियानो, व्हिन्सेंट मांगानो), शिकागोचा अल कपोन आणि बफलोचा स्तेफानो मागाद्दिनो असे सात जण त्यात बसले. कपोन त्याच ऑक्टोबरात करचुकवेगिरीत दोषी ठरला आणि त्याची जागा शिकागोच्या पुढच्या प्रमुखाकडे गेली. मत सगळ्यांचे सारखे, अध्यक्ष कोणी नाही. छोट्या शहरांतल्या घराण्यांचे म्हणणे या सातांपैकी कोणी तरी मांडायचे. घराण्यांतले सभासदत्व इटालियनांपुरतेच राहिले. लॅन्स्कीसारखे ज्यू भागीदार मंडळाबाहेर राहूनच सल्ला देत. लुचियानोची आधुनिकता इथे थांबते, हे लक्षात ठेवावे.

मंडळाचा सर्वात कडक नियम असा, की कुठल्याही घराण्याच्या प्रमुखाला मंडळाच्या परवानगीशिवाय मारायचे नाही. दुसरा महत्त्वाचा अधिकार भरतीचा. सभासदांची ‘वही’ उघडायची की बंद ठेवायची हे मंडळ ठरवी आणि ती दीर्घकाळ बंद असे. नव्या माणसाचे नाव इतर घराण्यांत फिरवले जाई, म्हणजे जुना वैरी किंवा पोलिसांचा खबऱ्या चोरपावलांनी आत येऊ नये. शिपायाला पगार नसे. त्याने स्वतः कमवायचे आणि वाटा वर पाठवायचा. प्रत्येक घराण्यात एक सल्लागार असे. नायकाने शिपायावर अन्याय केला तर शिपायाने त्याच्याकडे जावे, अशी अपेक्षा होती.

मंडळ कसे चाले याचे उत्तम उदाहरण १९३५ चे आहे. विशेष सरकारी वकील टॉमस ड्युई यांनी टोळीवाल्यांमागे ससेमिरा लावला तेव्हा डच शुल्ट्झ या ज्यू टोळीप्रमुखाने ड्युईंचा खून करू द्यावा अशी मागणी केली. आपल्याकडच्या मटक्याच्या धर्तीवर हार्लेममध्ये चालणारा आकड्यांचा जुगार शुल्ट्झच्या ताब्यात होता. मंडळाने नकार दिला. सरकारी वकील मारला तर सगळे सरकार अंगावर येईल, हा साधा हिशोब. शुल्ट्झ ऐकेना, तेव्हा २३ ऑक्टोबर १९३५ रोजी न्यूअर्कच्या एका खानावळीत त्यालाच गोळ्या घातल्या गेल्या. ड्युईंचा जीव असा माफियानेच वाचवला आणि त्यांचे पुढचे लक्ष्य ठरला लुचियानो.

खटला

लुचियानोला सापडवण्याची वाट युनिस कार्टर यांनी काढली. ड्युईंच्या वीस वकिलांच्या पथकातल्या त्या एकमेव स्त्री आणि एकमेव कृष्णवर्णीय. वेश्याव्यवसायाच्या आरोपाखाली पकडलेल्या बायका जिथे उभ्या केल्या जात, त्या न्यायालयात पूर्वी काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली होती. वेगवेगळ्या वस्त्यांतल्या बायका, पण वकील ठरावीक, जामीनदार ठरावीक, आणि सगळ्यांची कैफियतही तीच. खटले धडाधड निकाली निघत. सुट्या-सुट्या दिसणाऱ्या कुंटणखान्यांमागे एकच यंत्रणा आहे, हे त्यांनी या कागदांतून ओळखले. ड्युईंना आधी त्यात रस नव्हता. नीतिमत्तेची मोहीम चालवल्यासारखे दिसेल अशी त्यांना धास्ती होती. कार्टर यांनी त्यांचे मन वळवले.

फेब्रुवारी १९३६ च्या सुरुवातीला एकाच वेळी शहरभर धाडी पडल्या. नेहमीप्रमाणे जामीन झाला नाही. कोठडीत बसलेल्या बायकांपैकी कित्येक हेरॉइनच्या आहारी गेलेल्या होत्या. त्या हळूहळू बोलू लागल्या: कमाईतला अर्धा वाटा घराच्या मालकिणीचा, मग दर आठवड्याला जामिनाच्या नावाखाली कापले जाणारे पैसे, वर डॉक्टर, वर दलाल. हातात उरे ते फार थोडे आणि नाही म्हणणाऱ्या मालकिणीला मारहाण. लुचियानोच्या रेशमी शर्टांची वर्णने पुष्कळ पुस्तकांत सापडतात. त्या शर्टांचा पैसा कुणाच्या अंगावरून येत होता ते या साक्षींत वाचायला मिळते. त्याला ‘उद्योजक’ म्हणणाऱ्या लेखकांनी त्या आधी वाचाव्यात.

लुचियानो आर्कान्सासमधल्या हॉट स्प्रिंग्ज या गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पळाला. तिथे तो पकडला गेला. उलटतपासणीत ड्युईंनी त्याची करविवरणे, हॉटेलातून झालेले दूरध्वनी आणि जुन्या जबाबांतल्या थापा एकापाठोपाठ एक समोर ठेवल्या आणि साक्षीदाराच्या पिंजऱ्यातला रुबाबदार माणूस घामाघूम झाला. ७ जून १९३६ रोजी ज्युरीने त्याला सक्तीच्या वेश्याव्यवसायाच्या ६२ आरोपांत दोषी ठरवले; शिक्षा ३० ते ५० वर्षे. काही साक्षीदार बायकांनी नंतर जबाब फिरवले. अपिले मात्र फेटाळली गेली. कुंटणखान्यांच्या रोजच्या व्यवहारात लुचियानोचा थेट हात किती होता, यावर आजही वाद आहे. त्याच्या नावाच्या धाकावर तो व्यवहार चालला, हे मात्र साक्षींत पुन्हापुन्हा येते.

प्रमुख तुरुंगात गेला आणि मंडळ जराही डगमगले नाही. आधी त्याचा उपप्रमुख व्हितो जेनोव्हेसे आणि मग कॉस्टेलोने घराणे सांभाळले, बैठका चालू राहिल्या. जुन्या पद्धतीत धनी पडला की युद्ध ठरलेले असे.

युद्धकाळ आणि हद्दपारी

फेब्रुवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्क बंदरात ‘नॉर्मंडी’ हे प्रचंड जहाज आगीत जळून कलंडले. आग वेल्डिंगच्या ठिणगीने लागली होती, पण घातपाताची शंका आली आणि नौदलाच्या गुप्तचर शाखेने गोदीवर वजन असलेल्या टोळीवाल्यांची मदत मागितली. कॅनडाच्या सीमेजवळच्या तुरुंगातून लुचियानोला अल्बनीजवळच्या तुरुंगात हलवण्यात आले आणि भेटीगाठींना मुभा मिळाली. सिसिलीवरच्या १९४३ च्या चढाईत त्याच्या माणसांचा निर्णायक वाटा होता, हा लोकप्रिय समज मात्र पुराव्यांवर टिकत नाही. तोवर न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर झालेल्या ड्युईंनीच जानेवारी १९४६ मध्ये देश सोडण्याच्या अटीवर लुचियानोची शिक्षा कमी केली. १० फेब्रुवारीला ब्रुकलिनहून त्याचे जहाज निघाले.

वर्ष सरायच्या आत तो गुपचूप क्यूबात होता. डिसेंबर १९४६ मध्ये हवानाच्या होतेल नासियोनालमध्ये अमेरिकेतले सगळे बडे टोळीप्रमुख त्याला भेटायला जमले. अमेरिकेने क्यूबाला औषधांचा पुरवठा थांबवण्याची धमकी दिली आणि १९४७ मध्ये त्याची पुन्हा इटलीत रवानगी झाली. नेपल्सच्या विमानतळावर, त्याच्यावर चित्रपट काढू पाहणाऱ्या निर्मात्याला भेटायला गेला असता, हृदयविकाराने तो मेला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातील सेंट जॉन दफनभूमीत लुकानिया कुटुंबाच्या थडग्यात त्याला पुरले आहे.

पुढील इतिहास

नियम बलवानापुढे वाकतात, हे मंडळाने अनेकदा दाखवून दिले. १९५१ मध्ये अल्बर्ट अनास्तासियाने स्वतःचाच प्रमुख व्हिन्सेंट मांगानो याला परवानगीविना नाहीसे केले, मांगानोचा भाऊ फिलिप याचे प्रेत सापडले, आणि मंडळाने मुकाट्याने अनास्तासियाला मान्यता दिली. ऑक्टोबर १९५७ मध्ये तोही न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात न्हाव्याच्या खुर्चीत बसलेला असताना मारला गेला. हे हॉटेल तेच, जिथे रॉथस्टाइनला गोळी लागली होती; फक्त नाव बदलले होते. तीन आठवड्यांनी, १४ नोव्हेंबरला, न्यूयॉर्क राज्यातील अपालाचिन या खेड्यात देशभरचे प्रमुख जमले. सार्जंट एडगर क्रॉसवेल यांना दारात उभ्या असलेल्या महागड्या गाड्यांचा संशय आला आणि सुटाबुटातले टोळीप्रमुख रानातून पळत सुटले. साठच्या आसपास पकडले गेले. देशव्यापी माफिया अस्तित्वातच नाही असे वर्षानुवर्षे सांगणारे एफबीआयचे प्रमुख जे. एडगर हूव्हर त्यामुळे तोंडघशी पडले. १९६३ मध्ये जो व्हालाची या शिपायाने सिनेटच्या समितीपुढे घराण्यांची रचना सविस्तर सांगितली.

१९७० च्या ‘रिको’ कायद्याने एकेका गुन्ह्याऐवजी गुन्हेगारी संघटना चालवणे हाच गुन्हा ठरवला. महाराष्ट्राचा १९९९ चा मकोका याच दिशेचा कायदा आहे. न्यूयॉर्कचे सरकारी वकील रुडी जुलियानी यांनी हा कायदा थेट मंडळाला लावला. १९८३ मध्ये जो बोनानोने आत्मचरित्रात मंडळाविषयी फुशारकीने लिहिले होते आणि त्यातून खटल्याची कल्पना आपल्याला सुचली, असे जुलियानींनी सांगितले आहे. पाचांपैकी लुकेसे घराण्याच्या प्रमुखाला फिरवणाऱ्या जॅग्वार गाडीत पोलिसांनी ध्वनिग्राहक बसवला होता. त्या ध्वनिफितींत मंडळाचे व्यवहार ऐकू येत. मॅनहॅटनमध्ये २० लाख डॉलरवरच्या काँक्रीटच्या कंत्राटांवर घराणी दोन टक्के खंडणी घेत आणि कोणते काम कोणत्या कंपनीला जायचे ते आपसांत ठरवत. तो भार अखेर शहरातल्या इमारतींच्या किमतीत उतरे. लुचियानोने उभे केलेले मंडळ आता आरोपपत्रातले एकच कलम बनले आणि त्यात पाचही घराण्यांना एकत्र गोवता आले. एकच धनी असता तर एकच आरोपी सापडला असता. बचाव पक्षाच्या वकिलानेही माफिया आहे, तिला सभासद आहेत, हे ज्युरीसमोर मान्य केले.

१९ नोव्हेंबर १९८६ रोजी आठही आरोपी दोषी ठरले. १३ जानेवारी १९८७ रोजी त्यांपैकी सात जणांना प्रत्येकी १०० वर्षांची शिक्षा झाली; त्यांत जेनोव्हेसे, लुकेसे आणि कोलंबो घराण्यांचे म्होरके होते. गँबिनो घराण्याचा प्रमुख पॉल कास्तेल्लानो खटल्याआधीच, डिसेंबर १९८५ मध्ये, मॅनहॅटनच्या रस्त्यावर मारला गेला होता. तो खून त्याच्याच घराण्यातल्या जॉन गॉटीने मंडळाची रीतसर परवानगी न घेता करवला. तेव्हापासून प्रमुखांनी एका खोलीत बसणे जवळपास सोडून दिले आणि निरोप दुय्यम माणसांमार्फत जाऊ लागले. पाचही घराणी आजही न्यूयॉर्कमध्ये आहेत आणि लुचियानोचे घराणे जेनोव्हेसेच्या नावाने ओळखले जाते.